कलेक्टरसाहेबांची आंघोळ

मला मदत केली ती आमच्या घरमालकांनी, काकाजींनी. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की बाई गाऱ्हाणं घेऊन बसलीय. गाऱ्हाणं आहेच. त्या माणसानं मला जेवढं पिडलं तेवढं सासरच्या कुणी पिडलं नाही. पण आज माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, बापाच्या खांद्यावर बसून दुकानापर्यंत जातो, बापाच्या ताटातली भाकरी ओढून खातो. हे ज्यांच्यामुळं झालं त्यांना आधी हात जोडते आणि मग तोंड उघडते.

आम्ही सांगली जिल्ह्यातले, आटपाडीकडचे. आमच्या भागातले पुरुष सोनं गाळायला देशभर पांगलेत. आमचे हे आदिलाबादला एका गाववाल्या शेठच्या गलाईच्या दुकानात भट्टीवर बसतात. लग्न ठरलं तेव्हा आदिलाबाद नकाशात कुठं आहे हे मला दाखवता आलं नसतं. माझी शाळा आठवीत सुटली. आई गेली, मागं दोन धाकटे भाऊ, भाकऱ्या कोण थापणार? तेव्हापासून मला एक खोड लागली. जगातली प्रत्येक गोष्ट माझ्याशिवाय बाकी सगळ्यांना येते, असं मी धरून चालते. नळाला पाणी आलं तरी आधी शेजारणीला विचारते, आता भरू का म्हणून.

आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी प्रवास नको म्हणून सांगितलं, त्यामुळं बाळंतपण इथंच झालं. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, दहा दिवस राहिल्या. बाळाला न्हाऊमाखू घालायचं सगळं त्यांनीच केलं. मी नुसती पडून होते. मग सासऱ्यांचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं, घरी दोन म्हशी, आत्या गेल्या. वडील होते माझे गावाकडं, पण बाळंतपणात बाप्या माणसाचा काय उपयोग, असं मी तेव्हा मानत होते.

अकराव्या दिवशी मी, बाळ आणि मोबाईल. मोबाईलवर एक बाई गुलाबी टबात बाळ ठेवून हसत हसत अंघोळ घालत होती. तिचं बाळही हसत होतं. माझ्याकडं टब नव्हता, घमेलं होतं. बाळानं असा काही आकांत मांडला की अंगणापलीकडून आवाज आला.

"काऊन वं पोरी, लेकरू धुऊन राह्यली का भांडे घासून राह्यली?"

मी दाराच्या फटीतून पाहिलं. टकलावर ऊन चमकतंय, अंगात बंडी, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली. हे आमचे घरमालक. आत्या होत्या तोवर ते निजामाबादला लेकीकडं गेलेले, त्या सकाळीच परतले होते. उटनूरला एका सरकारी ऑफिसात जन्मभर अटेंडर होते. आपल्याकडं शिपाई म्हणतात, तेच. रोज बसनं जायचे, बसनं यायचे.

"आजपासून आंघोळीचं काम माह्याकडं," ते म्हणाले. "तू टॉवेल धर."

मी दार लावून घेतलं. परका म्हातारा, आणि माझ्या अकरा दिवसांच्या लेकराला हात लावणार? तर हे अंगणातल्या दगडावर बसून दाराआडून हुकूम सोडायला लागले. "पाणी हातानं नको पाहू, कोपरानं पाय! कानाखाली बोट धर! घाई कायची हाये तुले, गाडी सुटून राह्यली का?" तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी बाळ माझ्या हातातून निसटता निसटता वाचलं. मी रडत दार उघडलं आणि बाळ त्यांच्यापुढं धरलं. विश्वास वगैरे काही नाही. वैतागून दिलं.

त्यांनी दगडावर बैठक मारली, पाय लांब पसरले, पोटऱ्यांच्या खाचेत बाळाला उताणं घातलं, अगदी आमच्या गावच्या म्हाताऱ्या बायका घालतात तसं. बाळ गप्प. चार दिवस माझा जीव काढणारं पोर, हुं की चूं नाही. मला इतका राग आला की टॉवेल खाली पडला.

"टॉवेल उचल," काकाजी म्हणाले. "दुसरा आन. साहेबाईच्या अंगाले मातीचा टॉवेल लावतेत का?"

साहेब म्हणजे बाळ. ही त्यांची दुसरी तऱ्हा. त्यांच्या हिशेबी मूल जन्मतं ते कलेक्टर म्हणूनच. काही न करता सगळे त्याच्यापुढं उभे, रात्रंदिवस त्याच्या नावानं धावाधाव. रांगायला लागलं की तहसीलदार. चालायला लागलं की गिरदावर, कारण गिरदावराचं काम गावभर फिरून तपासणी करायचं. बोलायला लागलं की पटवारी. आणि शाळेत जायला लागलं की अटेंडर, दिवसभर कुणाचं ना कुणाचं काम ऐकायचं. "माणूस वरून खालती येते पोरी," ते सांगायचे. "मी डायरेक्ट खालतीच भरती झालो म्हणून मले तरास नाई झाला."

रोज सकाळी सात वाजता अंगणाच्या टोकावरून आरोळी. "दौरा येऊन राह्यलाऽऽ!" म्हणजे मी पदर सावरावा, पाणी तापलेलं असावं. उंबऱ्याच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. सगळा कारभार अंगणातल्या त्या दगडावर, आणि बाळ माझ्या हातून घेताना ते उठून उभे राहायचे. साहेब आले ना!

अंघोळ म्हणजे उटनूरची बस. पायाला तेल लावताना आदिलाबाद सुटायचं. "चला, आदिलाबाद! मावळा, मावळा!" मावळा म्हणजे वाटेतला पहिला थांबा, तो पोटऱ्यांना. गुडघ्यांना गुडीहत्नूर, कारण तिथं मोठा रस्ता सोडून गाडी वळते आणि गुडघाही वळतो. पोटावर इंद्रवेल्ली. डोक्यावर पाणी पडलं की उटनूर आलं. मग पालथं घालून पाठीवरून परतीचा प्रवास, तेच थांबे उलटे. इंद्रवेल्लीला त्यांचा तळवा बाळाच्या पोटावर थांबायचा आणि बोलणं बंद व्हायचं. दोन श्वास, तीन श्वास. पाणी निवतंय म्हणून माझा जीव खालीवर. एकदा मी म्हटलं, "काकाजी, इथं कशाला थांबता? आवरा की."

"तिथं स्तंभ हाये," ते म्हणाले. "पोरगा होतो मी तवा. तिथं थांबा लागते."

 दोन वर्षांनी ह्यांच्याबरोबर त्या रस्त्यानं गेले, स्तंभ पाहिला, जमिनीचा हक्क मागायला जमलेल्या आदिवासींनी तिथं पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्याचं ऐकलं. मग पाणी निवलं तरी चालेल असं वाटलं.

पण तेव्हा मी नुसती तणतणायची. हा माणूस माझ्या पेजेत बोट बुडवून मीठ बघायचा. माझ्या साडीला लावलेल्या पिना त्यांनी एक दिवस काढायला लावल्या आणि नालीत टाकल्या, साहेबांना टोचतील म्हणून. मी दुपारी डुलकी काढली तर खिडकीबाहेरून, "झोप पोरी, झोप, मी काई बोलत नाई," असं इतक्या मोठ्यानं सांगायचे की मी आणि बाळ दोघं जागे. बाळाच्या लसीचं कार्ड तेलुगूत होतं. मला वाचता येईना म्हणून मी रडवेली झाले. ते म्हणाले, "मले बी कुठी येते? सातवी नापास हावो मी. नर्सबाईले पुसू. कार्ड नंतर वाचजो, आदी लेकरू वाच. पाय, डावा कान वढून राह्यलं." आणि खरंच ओढत होतं. दोन दिवसांनी कान फुटला. मला त्यांचं बरोबर निघालं याचाही राग आला.

सगळ्यात मोठा राग पहिल्या हसण्याचा. दोन महिन्यांचं झालं, आणि पोर पहिल्यांदा खुदकन हसलं ते काकाजींकडं बघून. नऊ महिने मी वाहिलं, टाके माझे, जागरणं माझी, आणि हसू त्या टकलाला! मी तोंड फिरवून बसले.

"मले पाहून नाई हासला वं," काकाजी समजूत काढायला लागले. "टकलात सोताले पाह्यलं त्यानं."

त्यावरही मला हसू आलं, म्हणून आणखी राग.

एकदा मी बोललेच. बाळाच्या पोटात गोळा आला होता, ते हिंग लावा म्हणत होते, मी ओवा म्हणत होते. मी म्हटलं, "तुम्ही बाप्या माणूस. तुम्हाला काय कळतंय यातलं?"

 दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला येताना आपल्या ओसरीच्या भिंतीवरची एक फ्रेम काढून घेऊन आले. काचेआड एक पिवळा पडलेला कागद, तेलुगूत लिहिलेला, खाली कोपऱ्यात लाल शाईत सही. मला वाटलं त्यांच्या लेकीचं सर्टिफिकेट असेल.

"दरखास्त हाये," ते म्हणाले. "मले तेलगूत लिवता येत नोतं. किलारकानं लिवली अन् हासला."

त्यांची बायको गेली तेव्हा लेक बावीस दिवसांची होती. गल्लीतल्या बायकांनी आठवडाभर तिला न्हाऊ घातलं. मग कापूस वेचणीचे दिवस आले, सगळ्या पहाटेच शेतावर. यांनी स्वतः पाय पसरले. पहिले दोन दिवस पोर रडली, तिसऱ्या दिवशी यांनी पायांवरच थांबे पुकारत तिला आपल्या रोजच्या बसमधनं उटनूरला नेलं, ती बस आजतागायत चालू आहे. ऑफिसात अर्ज दिला, मुलीला न्हाऊ घालण्यासाठी रोज एक तास उशिरा येण्याची परवानगी मिळावी. साहेबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि लिहिलं, मंजूर.

"किती दिवस?" मी विचारलं.

"ते कागदात लिवलंच नोतं. रद्द केल्याचा बी कागद आला नाई. मंग मी पोरगी धाव्वीत जाईस्तोर एक घंटा लेटच गेलो."

दहावीतल्या मुलीला कोण न्हाऊ घालतं, असं मी विचारलं तर म्हणाले, "वेणी घालाची राह्यते नं."

या कागदावर त्यांचा फार जीव, आणि त्या कागदानंच पुढचा घोटाळा केला.

त्यांचं म्हणणं, अंघोळीला बाप हजर पाहिजे. धुरी बापानं धरावी, टॉवेलात बापानं गुंडाळावं. "बाप कुठी हाये? हाजर करा!" आमचे हे साडेसातला दुकानात भट्टी पेटवतात, ते कसे थांबणार? मी तसं सांगितलं. काकाजी मान हलवून गेले. मला वाटलं समजलं. ते गेले ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं. त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला आणि थेट शेठपुढं जाऊन उभे राहिले. "मेहरबान शेठसाहेब यांच्या सेवेशी. आपल्या दुकानातील कामगारास नवजात कलेक्टर यांच्या आंघोळीकामी रोज एक तास उशिरा येण्याची परवानगी मिळावी." खाली काकाजींचा अंगठ्याएवढा सहीचा गोळा.

शेठ हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. परवानगी दिली. पण शेठ गाववाले. त्यांनी अर्जाचा फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. काकाजींना बिचाऱ्यांना माहीत नव्हतं की सरकारी कागद फाईलीत जातो आणि आमच्या लोकांचा कागद जाईल तिथं गावभर होतो.

संध्याकाळी आत्यांचा फोन. "बाप्या माणूस न्हाऊ घालतोय व्हय पोराला? आन् माझं पोरगं धुरी धरतंय? हितं सगळी हसत्यात. सामान बांधून ठेव. मी येतीया. तू आन् पोरगं गावाकडं चला. शाळंत जाईस्तवर हितंच ऱ्हावा. त्यो येईल दिवाळीला."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "आई म्हणतीया तर..." आणि बाळाची मूठ उघडत बसले.

आमच्याकडं हे नवीन नाही. गावी गलाईवाल्यांच्या गल्लीत निम्म्या घरांत नुसत्या बाया आणि पोरं. दिवाळीला बाप येतो तेव्हा पोरं आईच्या मागं लपतात. आमचे हे सहा वर्षांचे होईपर्यंत आपल्या बापाला पाव्हणं म्हणायचे. आत्याच हे हसत सांगतात. सांगताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे, त्यात हसू फार नसतं.

आणि इथं? हे दुकानातून आले की तीन तीनदा साबणानं हात धुतात, ॲसिडचा वास जावा म्हणून. नखं हुंगून बघतात. मग बाळाला घेतात, आणि बाळ त्यांच्या शर्टाचं बटण तोंडात धरून झोपतं. जागं होऊ नये म्हणून हे डाव्या हातानं जेवतात. भाजी सांडते, मी ओरडते, हे हळू म्हणून खुणावतात. त्या अर्ध्या तासासाठी मी दिवसभराचा वैताग सोसत होते. तो अर्धा तास आता दिवाळीवर जाणार होता.

मी काकाजींना जाऊन सांगितलं. वाटलं आता हे भांडतील, अर्ज लिहितील, काहीतरी करतील. ते म्हणाले, "येऊ दे. मुआयना हाये. साहेबाईले तपासणीचं भेव नसते." एवढंच. मला रडू फुटलं. ज्या दिवशी पाहिजे त्याच दिवशी यांची जीभ आखडली!

आत्या आल्या. पोर चार महिन्यांचं, गुबगुबीत. त्यांनी त्याला उराशी धरलं, पापे घेतले, मग अंगणाकडं वळल्या. काकाजींच्या ओसरीवर बुद्धाची मूर्ती, शेजारी ती फ्रेम. आत्यांनी मूर्तीकडं पाहिलं. काकाजींनी पुढं केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी घेतला आणि न पिता खाली ठेवला. माझी मान खाली गेली. काकाजींनी तो तांब्या पाहिला नाही असं केलं.

"बसा, विहीणबाई," ते म्हणाले.

"विहीण? कुणाची वो विहीण?"

"या पोरीचं माहेर दुसरं कोठी हाये इकडं? मंग मीच तुमचा व्याही झालो का नाई?"

आत्या तेव्हा बाळाला घेऊन आत निघून गेल्या. पण रात्री मला म्हणाल्या, "लईच शिरजोर हाय म्हातारा." ते मात्र मी मनापासून कबूल केलं.

सकाळी सात वाजले. पाणी तापलं. दौऱ्याची आरोळी नाही. मी बाहेर डोकावले तर काकाजी ओसरीवर खुर्चीत बसून लसूण सोलत होते.

"काकाजी, पाणी काढलंय."

"आज माही रजा हाये."

"रजा? कसली रजा?"

"दरखास्त दिली मी. मलेच दिली. मंजूर बी मीच केली." आणि लसणाची पाकळी उजेडात धरून बघायला लागले.

चार महिने! चार महिने या माणसानं मला टॉवेलापलीकडं हात लावू दिला नव्हता, आणि आज, आत्या पाटावर बसून बघत असताना, ह्यांच्यासाठी शेठकडं एकच तास मागितलेला असताना, हे रजेवर! आत्यांच्या चेहऱ्यावर साफ दिसत होतं, बघू या हिला काय येतंय. मला काही येत नव्हतं. बाळाला घेऊन मी दगडावर बसले. पाय पसरले. बाळाला उताणं घातलं. बाळानं वळून ओसरीकडं पाहिलं, आपला माणूस तिथं लसूण सोलतोय हे पाहिलं, आणि जो भोंगा लावला!

"बगा," आत्या म्हणाल्या. एकच शब्द.

मला घमेलं आठवलं, निसटणारं अंग आठवलं. तेलाची वाटी सांडली. आणि मग काय झालं कोण जाणे, तोंडातून बारीक आवाज निघाला. "चला... आदिलाबाद. मावळा, मावळा." बाळ रडतच होतं. हात आपोआप वर सरकला. शंभर आंघोळी पाहिल्या होत्या मी, कितीही तणतणत असले तरी डोळे उघडे होते. "इंद्रवेल्ली..."

"गुडीहत्नूर राह्यलं!" ओसरीवरून आरोळी. "गुडघे कोरडे हायेत! पाशिंजर उतरतीन कुठी?"

"गप बसा हो तुम्ही!" मी ओरडले. "रजेवर आहात ना? मग रजेवर राहा! माझी बस आहे, मी बघीन!"

सासूसमोर, घरमालकावर, एवढ्या मोठ्यानं. जन्मात मी कुणावर असा आवाज चढवला नव्हता. सगळं अंगण गप्प झालं. बाळसुद्धा. त्यानं मान वळवून माझ्याकडं असं पाहिलं की, अरे, ही पण गाडी चालवते का?

मी मागं गेले, गुडीहत्नूर घेतलं. दोन्ही गुडघे. मग पोटावर आले आणि तळवा ठेवून थांबले. दोन श्वास, तीन श्वास. खाली बाळाचं पोट वर येत होतं, खाली जात होतं. आत्या म्हणाल्या, "का गं, का थांबलीस?"

"इथं थांबावं लागतं, आत्या."

उटनूरला कपाळावर हाताचा आडोसा धरून पाणी सोडलं. डोळ्यात थेंब गेला नाही. परतीला बाळ हुंकार द्यायला लागलं. आणि वर पाहते तर आमचे हे टॉवेल पसरून उभे, एरवी काकाजींचा हुकूम लागायचा, आज कुणी न सांगता. त्यांनी बाळाला गुंडाळलं, काखा पुसल्या, मानेच्या वळ्या पुसल्या, ओव्याच्या धुरीवर हात फिरवून ती ऊब बाळाच्या पोटाला दिली. टाळूवर तेल ठेवलं. भट्टीवर सोन्याचा कण सांडू न देणारे हात, ते त्याच सवयीनं चालले होते.

आत्या लेकाकडं बघत राहिल्या. "ह्याला कुणी शिकीवलं?" त्यांनी विचारलं.  ओसरीवर लसूण सोलणं चालू होतं, पण मी पाहिलं, मघाचीच पाकळी अजून हातात होती.

 संध्याकाळी हे आले, तीनदा हात धुतले, बाळानं बटण तोंडात धरलं, हे डाव्या हातानं जेवले, भाजी सांडली. मी सवयीनं ओरडले. आत्या समोर बसून सगळं बघत होत्या. भाकरी मोडायची राहिली होती त्यांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी काढून दगडावर बसणार, तोच आत्यांनी पदर खोचला. "सर. दे हिकडं." त्यांनी पाय पसरले. काय सांगू, ते पाय बघून कळलं की मी अजून किती कच्ची आहे. बाळाला उताणं घातलं, तेलाचा हात फिरवला आणि विट्यापासून सुरू झाल्या. "चला, इटा, इटा! खानापूर! भिवघाट!"

ओसरीवर खुर्ची कुरकुरली. "ही कोनती लाईन हाये, विहीणबाई?"

"आमच्याकडची हाय. पुढं करगणी, मग आटपाडी."

काकाजींनी बराच विचार केला. टकलावरून हात फिरवला. "घाट कुठी लागते?"

"ह्यो काय, पोटावर."

"मंजूर," काकाजी म्हणाले.

नंतर आत्यांनी काकाजींच्या माठातून तांब्या स्वतः भरून घेतला आणि उभ्याउभ्या प्यायल्या. चौथ्या दिवशी ह्यांना म्हणाल्या, "एकच तिकीट काढ." सामानाचं नाव काढलं नाही. रिक्षात बसताना ओसरीकडं न बघता म्हणाल्या, "येते, व्याही." मग मला, "टाळूला तेल कमी पडतंय तुझं." मी हो म्हटलं. तेल काही कमी पडत नव्हतं.

आता पोरगा शाळेत जातो, म्हणजे काकाजींच्या हिशेबी अटेंडर झाला. दोघांची सारखी भरती म्हणून दोघं एकमेकांना सलाम ठोकतात. त्यांचा छळ मात्र संपलेला नाही. गेल्या आठवड्यात मी पाठवलेला डबा परत आला, वर चिठ्ठी, पोरानं तेलुगू अक्षरांत मराठी लिहिलेली आणि त्यानंच मला वाचून दाखवलेली, मीठ कमी. गेली दोन वर्षं त्यांचे गुडघे धरलेत. खाली बसता येत नाही. तो दगड अंगणात तसाच आहे, त्यावर मी पापड वाळत घालते आणि ते खुर्चीतून ओरडतात, कलेक्टरच्या जागेवर पापड कायचे.

त्यांची लेक निजामाबादला शाळेत शिकवते. नोकरी जुनी, लग्नाला तीन वर्षं झाली. ते तिला काही विचारत नाहीत, कधीच नाही. पण परवा तिचा फोन ठेवल्यावर बराच वेळ दगडाकडं बघत बसले, आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "माह्याच्यानं आता बसल्या जात नाई पोरी." मी पापड उचलले आणि काही बोलले नाही, कारण बोलले असते तर दोघंही रडलो असतो, आणि मग ते मलाच रागावले असते.

म्हणून इथं लिहून ठेवते. ताईंकडून, काकाजींच्या लेकीकडून, ज्या दिवशी बाळाचा फोन येईल, या वर्षी, पुढच्या वर्षी, केव्हाही, त्या दिवशी मी निजामाबादची गाडी धरीन. सव्वा महिना राहीन. ह्यांनी आणि अटेंडरनं इकडं काय खायचं ते बघावं. काकाजींनी खुर्चीत बसायचं आणि नुसते थांबे पुकारायचे. पाय मी पसरीन. त्यांच्या नातवंडाला रोज उटनूरला नेऊन आणीन, इंद्रवेल्लीला थांबेन, आणि गुडीहत्नूर सोडणार नाही.